‘यंदाची ट्रेंडिंग नावं’ : बाळाच्या नावांची अ‍ॅप आणि याद्या कितपत कामाच्या?

डिसेंबर उजाडला की ‘येत्या वर्षात गाजणारी १०० नावं’ छापाच्या याद्या फोनवर यायला लागतात. बरीचशी नावं गेल्या वर्षीचीच असतात, मथळ्यातला आकडा तेवढा नवा. या याद्या आणि त्यांच्यामागची अ‍ॅप तीन कामं करतो म्हणतात: पुढे कोणतं नाव चालेल ते वर्तवणं, नावरसाचं (जन्मवेळी चंद्र ज्या नक्षत्राच्या चरणात असतो त्यावरून येणारं) अक्षर काढून देणं आणि अर्थ सांगणं. तिन्हींची पत सारखी नाही, म्हणून गुणही वेगवेगळे द्यावे लागतात.

आधी भाकीत. ते खरं ठरलं का, हे कळायला मोजणी लागते. अमेरिकेत ती आहे. तिथलं सोशल सिक्युरिटी प्रशासन १८८० पासूनची वर्षवार नावं फुकट उतरवून घेऊ देतं. फाइलीच्या एकेका ओळीत नाव, लिंग आणि संख्या, बस. सरलेल्या वर्षाचे आकडे साधारण मे महिन्यात येतात. म्हणजे २०२५ साठी डिसेंबर २०२४ मध्ये केलेलं भाकीत तपासायला मे २०२६ यावा लागतो, आणि तोवर ती यादी कुणाच्या लक्षातही नसते. इंग्लंड-वेल्सचं सांख्यिकी कार्यालयही असे तक्ते काढतं. आपल्याकडे जन्मांची संख्या प्रसिद्ध होते, नावांची नाही. त्यामुळे ‘महाराष्ट्रात यंदा सर्वाधिक ठेवलेलं नाव’ असं कुणी ठासून सांगत असेल, तर त्याच्याजवळ फार तर स्वतःच्या अ‍ॅपवर झालेल्या शोधांची मोजदाद असते.

आणि शोधलेलं नाव म्हणजे ठेवलेलं नाव नव्हे. वामिका (२०२१), राहा (२०२२), अकाय (२०२४) ही सेलिब्रिटींच्या बाळांची नावं जाहीर झाली तेव्हा लोकांनी ती शोधली ती अर्थ काय म्हणून. पाळण्यात ती किती गेली, हा वेगळा हिशेब. शिवाय ‘राहा’ हे मराठी घरात हाक मारायला घेतलं की क्रियापद होतं. ‘राहा, इकडे ये’ म्हटल्यावर पोरीने राहायचं की यायचं? हिंदीवरून उतरवलेल्या याद्यांच्या कानाला हे खटकत नाही.

परदेशी राहणाऱ्या मराठी मंडळींना अमेरिकेचा तक्ता सरळ वापरता येतो, पण त्याच्या खोडी माहीत हव्यात. वर्षात पाचपेक्षा कमी बाळांना दिलेलं नाव त्यात येतच नाही. प्रत्येक स्पेलिंग वेगळं मोजलं जातं. ‘शिवांश’ एका ए-ने आणि दोन ए-ने लिहिलं तर ती दोन नावं, दोन क्रमांक. खरा आकडा हवा तर बेरीज आपण करायची. ‘दोनशे क्रमांकांची मुसंडी’ असल्या मथळ्यांनी दिपून जाऊ नये. हजाराव्या क्रमांकाच्या आसपास शेजारच्या दोन नावांत मोजक्या बाळांचाच फरक असतो, त्यामुळे थोड्याशा बाळांनी नाव भराभर वर चढतं. क्रमांक सोडून संख्या पाहावी, आणि संख्येपेक्षाही वाटा. १९४७ साली तिथे एकट्या ‘लिंडा’ने जवळपास एक लाख मुली गाठल्या होत्या. आज पहिल्या क्रमांकाच्या मुलाच्या नावाचा वाटाही शेकडा एकाच्या आसपास असतो. ‘पहिला क्रमांक’ म्हणून नाव टाकून देण्यात आता फारसा अर्थ उरलेला नाही.

वर्तवता येतो तो नावाचा शेवट. सुनीता, अनिता, संगीता, वनिता, सविता, कविता ही एक लाट होती. तिच्यातलं कुठलं नाव पुढे जाईल हे सांगता आलं नसतं, पण ‘-ता’ चालणार हे दिसत होतं. अमेरिकेत एडन, जेडन, ब्रेडन, हेडन असाच घोळका आला. आपल्याकडे सध्या ‘-अंश’चा हंगाम आहे. शिवांश, रुद्रांश, प्रियांश, रेयांश एका बालवाडीत आले की बाईंच्या तोंडी चौघांचाही शेवटचा ‘अंश’च उरतो. म्हणून यादी हातात आली की नावं न वाचता शेवट मोजावेत. एकाच शेवटाची पाच-सहा नावं दिसली तर तो ट्रेंड येऊ घातलेला नाही, येऊन बसलेला आहे. मतदार यादी इथे उपयोगाची नाही, ती अठरा वर्षं मागे असते. जवळच्या नर्सरीत दप्तरांच्या खणांवर चिकटवलेली नावं वाचली तर दोन-तीन वर्षांपूर्वीची खरीखुरी मोजणी फुकट मिळते. भाकितासाठी याद्यांना पाचपैकी एक गुण, तोही या शेवटांपुरता.

नावरसाच्या अक्षराचं काम गणिताचं आहे, त्यामुळे चांगलं अ‍ॅप ते नीट करतं. २७ नक्षत्रं, प्रत्येकाचे चार चरण, एकूण १०८ अक्षरं. अश्विनीला चू, चे, चो, ला. रोहिणीला ओ, वा, वी, वू. एक चरण ३ अंश २० कलांचा, आणि चंद्राला तो ओलांडायला साधारण सहा तास लागतात. चूक होते ती इथेच. नुसती जन्मतारीख विचारणारं अ‍ॅप एका दिवसातल्या चार-पाच अक्षरांतलं एक कसंतरी उचलून देतं. काही अ‍ॅप सूर्योदयाचं नक्षत्र दिवसभर धरून चालतात. पंचांगात त्या नक्षत्रापुढे समाप्तीची वेळ छापलेली असते, ती बघतच नाहीत. तपासणी सोपी आहे: तारीख तीच ठेवून वेळ सकाळी ६ आणि रात्री ८ टाकून पाहा. चौदा तासांत अक्षर बदललंच पाहिजे. न्यू जर्सीत जन्मलेल्या बाळाची तिथली वेळ भारतीय वेळ म्हणून टाकली तर साडेनऊ-साडेदहा तासांचा घोळ होतो, म्हणजे दीड चरणाहून जास्त. जन्मगाव न विचारणारं अ‍ॅप परदेशातल्यांनी उघडूच नये.

आर्द्रेचा ङ, हस्ताचा ण किंवा उत्तराभाद्रपदेचा ञ आला की अ‍ॅप रिकामा पडदा दाखवतं, नाहीतर गुपचूप दुसरं अक्षर पुढे करतं. त्याच नक्षत्राच्या दुसऱ्या चरणाचं अक्षर घ्यायचं, की नावरसाचं नाव पत्रिकेपुरतं ठेवून पाळण्यातलं वेगळं निवडायचं, हे घरातले ठरवतात. बदल केला असेल तर अ‍ॅपने तो सांगायला हवा, इतकंच. वेळ आणि गाव विचारणाऱ्या अ‍ॅपला या कामात पाचपैकी चार.

अर्थाच्या बाबतीत मात्र आनंदीआनंद. ‘आरव’ म्हणजे ‘शांत’ असं यादीमागून यादी छापते. आपट्यांच्या संस्कृत कोशात आरव म्हणजे आवाज, आरडाओरडा. (बाळ घरी आलं की कोश बरोबर होता हे पहिल्याच रात्री कळतं.) ‘विहान’चा पहाट हा अर्थ तेवढा ठीक, हिंदी-भोजपुरीकडे तो शब्द चालतो. ‘मिष्का’ला ‘प्रेमाची भेट’ म्हणतात. रशियनमध्ये मीश्का म्हणजे छोटं अस्वल, आणि मिखाईलचं लाडाचं रूप. ‘रेयांश’ला विष्णूचा अंश म्हणायचं तर ‘रेय’ हे विष्णूचं नाव कोशात सापडायला हवं. ‘वियान’ म्हणजे चैतन्य असं सांगतात तेव्हा डोळ्यांपुढे पंचप्राणांतला ‘व्यान’ असावा, पण तो शब्द वेगळा. नाव आवडलं तर खुशाल ठेवावं. आमंत्रणपत्रिकेवर अर्थ छापण्याआधी कोश उघडावा. अर्थाला शून्य.

स्पेलिंगचा सल्ला अ‍ॅपवरून घेऊच नये. हिंदी वळणाच्या यादीत ‘यज्ञेश’मधला ज्ञ जी-वाय-ने लिहितात, आपल्याकडे डी-एन-वाय-ने. ऋ चं तसंच, रि की रु. ‘आर्य’ आणि ‘आर्या’ रोमन लिपीत सारखेच दिसतात. अंकशास्त्रासाठी वाढवलेला जादा ‘ए’ एका दाखल्यात राहतो, दुसऱ्यात गळतो, आणि आधार व पासपोर्टच्या वेळी अडकतो. १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांसाठी महाराष्ट्रात बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम आहे. तेव्हा निवडलेलं नाव चारही शब्दांसकट मोठ्याने म्हणून आणि दोन्ही लिप्यांत लिहून पाहावं. आत्याने कानात कुर्र करण्याआधी एवढं उरकलेलं बरं. नाव ठरतच नसेल तर जन्माची नोंद २१ दिवसांत नावाशिवाय करता येते. नोंदणीपासून १२ महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून.