आठवीच्या वर्गात ग्राफिक नॉव्हेल आणि आत्मकथनं: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

वर्गात ग्राफिक नॉव्हेल, म्हणजे चित्रांतून गोष्ट सांगणारी पुस्तकं, आणि आत्मकथनं वाचायला जूनमध्ये सुरुवात केली होती, आता फेब्रुवारी संपत आला. मुद्दाम थांबले होते, कारण पहिल्या महिन्यात लिहिलं असतं तर नुसतं कौतुकच लिहिलं असतं.

मी कराडच्या बाजूला एका शाळेत आठवीला मराठी शिकवते. वर्गात 43 मुलं, त्यातली दहा-बारा अशी की वाचायला उभं केलं की एकेक शब्द तोडत वाचतात आणि खाली बसल्यावर काय वाचलंस विचारलं तर गप्प. बाकीची वाचतात पण प्रश्नोत्तरं सोडवण्यापुरतं. शनिवारी सकाळची शाळा असते, त्यातले शेवटचे दोन तास मुख्याध्यापकांकडून मागून घेतले आणि सुरुवात केली.

पहिलं पुस्तक 'भीमायन'. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकार जोडप्याची चित्रं, मजकूर श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचा, 2011 साली आलेलं. बाबासाहेबांच्या आयुष्यातले प्रसंग पाणी, निवारा आणि प्रवास अशा भागांत लावलेत. हेच का निवडलं तर त्यात आमच्या जवळचं मसूर आहे. 1901 साली लहान भीमराव भाऊ-भाच्यांबरोबर वडिलांकडे जायला निघाले, मसूर स्टेशनला उतरले, न्यायला कोणी आलेलं नाही, जात कळल्यावर कुणी गाडीवान तयार होईना, शेवटी एक जण दुप्पट भाड्यावर तयार झाला पण बैल पोरांनीच हाकायचे आणि तो शेजारून चालणार, आणि रात्रभर जवळ खायला असून प्यायला पाणी नाही. पाठ्यपुस्तकातला महापुरुष माझ्या मुलांना दिल्ली-मुंबईचा वाटतो. इथे तो त्यांच्या रोजच्या स्टेशनवर तहानलेला उभा होता. "मॅडम, आमच्या मामाचं गाव मसूर," असं मागच्या बाकावरून आलं तेव्हाच कळलं की आता हे पोरगं ऐकणार.

माझी प्रत इंग्रजी, त्यामुळे पान प्रोजेक्टरवर लावायचं, पात्रांच्या बोलण्याच्या फुग्यातलं मी तिथल्या तिथे मराठीत सांगायचं, असं चालवलं. मला वाटलं होतं दोन शनिवारात संपेल, लागले सहा. कारण या पुस्तकात नेहमीच्या कॉमिक्ससारख्या चौकटी नाहीत, गोंड घरांच्या भिंतींवर काढतात ती दिग्ना नक्षी वळत वळत पान विभागते, त्यामुळे आधी कुठलं बघायचं हेच मुलांना ठरवावं लागतं, आणि दोघं शेजारी बसून वेगवेगळ्या क्रमाने वाचतात आणि भांडतात. रेल्वे सापासारखी का काढली यावर तर एक अख्खा तास गेला. चित्रं असली की वाचन सोपं होतं असं आपण सगळेच म्हणतो, मीही म्हणायचे. माझ्या वर्गात ते हळू झालं, आणि मला ते हळू होणंच हवं होतं हे मला दिवाळीच्या आसपास उमगलं. जी मुलं धडा वाचताना ओळ टाकून पुढे पळायची ती एका पानावर दहा मिनिटं थांबायला लागली.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो फुग्यांचा. या पुस्तकात जी माणसं मायेने बोलतात त्यांचे फुगे पक्ष्यासारखे, जातीचं विष असलेल्या बोलण्याच्या फुग्याला विंचवाची नांगी, आणि मनातल्या विचाराच्या फुग्यात डोळा, मनाचा डोळा. हे एकदा समजल्यावर मुलांना सांगितलं की आठवडाभर कानावर पडलेली पाच वाक्यं लिहून आणा आणि प्रत्येकाला फुगा द्या. जे आलं ते वाचून मी रात्री जागी होते. आजीचं "जेवलास का" पक्ष्यात, बहिणीला रोज ऐकवलं जाणारं "तुला काय करायचंय शिकून" नांगीत. आणि एकाने माझं वाक्य आणलं होतं, "तुझ्याकडून होणारच नाही, बस खाली." नांगी होती. मी ते म्हटलं होतं, मला आठवत होतं. पुढच्या तासाला त्याची वर्गासमोर माफी मागितली आणि ते वाक्य तेव्हापासून बंद केलंय.

आता चुका, कारण हे कोणी करायला घेणार असेल तर त्या आधी माहिती हव्यात. शाळेतल्या पाण्याचा प्रसंग, शिपाई नसला तर भीमरावांना पाणी नाही तो, वाचून झाल्यावर मी विचारलं की असा अनुभव कोणाला आलाय का. वर्गातल्या बऱ्याच माना दोन मुलांकडे वळल्या. ती दोघं खाली बघत राहिली. त्या दिवशी मला घरी जाऊन जेवण गेलं नाही. कोणाचंही दुःख वर्गाच्या अभ्यासासाठी मागायचं नसतं, सांगायचं असेल तर मूल स्वतः सांगेल. तेव्हापासून प्रश्न उलटा केला, आपण कोणाला कधी अडवलं, कोणाला खेळात घेतलं नाही, आणि तोही लेखी, नाव न घालता. मग उत्तरं खरी यायला लागली. दुसरं म्हणजे पुस्तकात आजच्या काळातल्या अत्याचारांच्या बातम्याही आहेत, खैरलांजीतलं दलित कुटुंबाचं हत्याकांडसुद्धा, ती पानं मी आठवीला दाखवली नाहीत. आधी स्वतः सगळं वाचल्याशिवाय एकही पान वर्गात लावू नका.

तसंच 'माउस' या ग्राफिक नॉव्हेलचं. आर्ट स्पीगलमनने वडिलांकडून नाझी छळछावण्यांच्या आठवणी ऐकून केलेलं, ज्यू उंदीर आणि जर्मन मांजरं, 1992 ला पुलित्झरचा खास पुरस्कार मिळालेलं. अमेरिकेत टेनेसीतल्या एका काउंटीच्या शाळा मंडळाने जानेवारी 2022 मध्ये ते आठवीच्याच अभ्यासातून काढलं. मला ते काढणं पटत नाही, पण पूर्ण पुस्तक माझ्या आठवीलाही मी दिलं नाही, कारण त्या इतिहासाची काहीच ओळख नसताना मुलं नुसती मांजर-उंदीर बघतील ही भीती. फक्त काही पानं दाखवली, जिथे मुलगा वडिलांसमोर बसून विचारतोय, वडील सांगतायत आणि मधेच विषय सोडून दुसरंच बोलतायत. मोठ्या माणसांची आठवण अशीच येते, सरळ येत नाही, एवढंच दाखवायचं होतं.

त्यातून मग आमचं स्वतःचं काम निघालं. घरातल्या आजी-आजोबांना एक आठवण विचारायची आणि एका कागदाच्या घड्या घालून आठ पानांची पुस्तिका करायची. बरीच मुलं पाटण भागातली, त्यामुळे निम्म्या पुस्तिकांमध्ये कोयनेचा भूकंप, 11 डिसेंबर 1967, पहाटे चार वाजून गेलेले, अंधार, थंडी, भांडी पडल्याचा आवाज, आणि मग दिवसच्या दिवस घरात झोपायची भीती म्हणून अंगणात झोपणं. बाकीच्यांत 72 चा दुष्काळ, खडी फोडायचं काम, तिथे मिळणारी सुकडी, लाल मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीच्या भाकरी. एका मुलीने मिलो म्हणजे काय हे आधी आजीला, मग शेजारच्या आजोबांना, मग मला विचारलं, मग चित्र काढलं. वर्षभरात एकाही धड्याखालचा शब्दार्थ तिने इतका शोधला नव्हता.

नुसत्या मजकुराच्या आत्मकथनांकडे मुलं वळतील का ही माझी खरी काळजी होती, कारण परीक्षेत चित्रं नसतात. डिसेंबरपासून आनंद यादवांच्या 'झोंबी'तला शाळेसाठी धडपडण्याचा भाग घेतला, बाप शेतात राबवतोय आणि पोराला शिकायचंय. गटात वाचायचं आणि फक्त सहा चित्रांत मांडायचं. सहाच म्हटल्यावर कुठले सहा क्षण, यावर जी भांडणं झाली ती ऐकायला हवी होती, "अरे पण आई बोलायला गेल्याशिवाय पुढचं घडतंच नाही, तिला कशी काढतोस." पाणी पाजताना कविता म्हणणारा आनंदा सगळ्याच गटांनी घेतला. आणि चित्र काढायचं म्हणजे तो कुठे उभा आहे, वेळ कुठली, सोबत कोण, हे बघायला परत पुस्तक उघडावं लागतं, तेच पान चार-पाच वेळा वाचलं जातं. त्या दहा-बारांपैकी सात जण आता परिच्छेद न तोडता वाचतात. तिघांना अजून जमत नाही, त्यांच्यासाठी वेगळं काहीतरी करावं लागेल, हे पुरेसं नाही. 'स्मृतिचित्रे'ही घेऊन पाहिलं, लक्ष्मीबाईंच्या वडिलांचं टोकाचं सोवळं ऐकून मुलं खूप हसली, पण जुन्या भाषेला अडखळली, ते मी स्वतः वाचून दाखवलेलंच बरं.

खर्च आणि अडचणी थोडक्यात. प्रत एकच आणि माझ्या पैशाने घेतलेली. लाइट गेली की प्रोजेक्टर बंद, मग पुस्तक बाकांवर फिरतं. मुलांच्या पुस्तिका आकारिक मूल्यमापनात प्रकल्प म्हणून धरल्या, त्यामुळे वेगळं काम वाढलं नाही. दोन पालक येऊन म्हणाले की शाळेत कॉमिक्स कशाला. त्यांना वाद न घालता त्यांच्याच मुलाची पुस्तिका हातात दिली, एक जण उभ्या उभ्या सगळी वाचत राहिले, त्यात त्यांच्या आईची गोष्ट होती. दुसऱ्यांना नाही पटलं.

पुढच्या वर्षी दोन बदल करणार. आजी-आजोबांना विचारायचं काम दिवाळीच्या सुट्टीआधी देणार, कारण तेव्हा मुलं गावाला जातात आणि म्हाताऱ्या माणसांना निवांत वेळ असतो, यंदा जानेवारीत दिलं तर अर्ध्यांनी फोनवर विचारलं आणि ते उथळ झालं. आणि 'भीमायन'ची अजून एक प्रत घ्यायचीय, पहिलीची पानं सुटायला लागलीत, मसूरची तर पूर्ण निघून आलीत, सध्या ती वेगळ्या पाकिटात ठेवलीत.