जीसीसी: पॅकेजमधून घ्यायचा की सोर्समधून बिल्ड करायचा?

जीसीसी म्हणजे लिनक्सवरचा सी आणि सी++ चा कंपायलर; उबुंटू २२.०४ वर त्याची डिफॉल्ट आवृत्ती ११ येते. प्रोजेक्टमध्ये कुणी सी++ २० मधलं ‘एसटीडी फॉरमॅट’ वापरलं की कंपायलर पहिल्याच ओळीला अडतो, कारण ते हेडर जीसीसी १३ पासून आलं. ‘एसटीडी प्रिंट’ हवं असेल तर १४ लागतो. मग शोधाशोध सुरू होते आणि निम्मे लोक सांगतात, सोर्स उतरवून घे आणि बिल्ड कर.

आधीच सांगून टाकलेलं बरं: रूटचा (अ‍ॅडमिनचा) पासवर्ड हाती असेल आणि हवी ती आवृत्ती डिस्ट्रोच्या (उबुंटू, डेबियन वगैरेंच्या) रेपोत, म्हणजे पॅकेजच्या साठ्यात असेल, तर सोर्सच्या वाटेला जाऊ नका. बिल्ड करणं एका संध्याकाळचं काम आहे, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण त्यानंतरची उस्तवार, म्हणजे अपडेट, रनटाइम लायब्ररी, दुसऱ्याच्या मशीनवर न चालणारी बायनरी, हे सगळं तुमच्या गळ्यात पडतं.

पॅकेजचा रस्ता

डेबियन १२ वर जीसीसी १२, डेबियन १३ वर १४, उबुंटू २४.०४ वर १३ ही डिफॉल्ट मंडळी. मात्र रेपोत तेवढंच असतं असा समज करून घेऊ नका. २४.०४ मध्ये ९ पासून १४ पर्यंतच्या आवृत्त्या एकमेकींशेजारी नांदतात. युनिव्हर्स रेपो चालू असू द्या आणि ‘सुडो एपीटी इन्स्टॉल जी++-१४’ म्हणा. दोन-चार मिनिटांत नवा कंपायलर ‘जी++-१४’ याच नावाने बसतो, जुन्याला धक्का लागत नाही.

पुढचं पाऊल इथे बरेच जण चुकवतात. ‘अपडेट-ऑल्टरनेटिव्ह्ज’ वापरून साधं ‘जीसीसी’ हे नावच नव्या आवृत्तीकडे वळवतात. ते करू नका. आवृत्ती प्रोजेक्टपुरती सांगा: मेकला ‘सीसी’ आणि ‘सीएक्सएक्स’ ही व्हेरिएबल द्या, सीमेक वापरत असाल तर रिकाम्या बिल्ड डिरेक्टरीत पहिल्याच वेळी कंपायलर सांगा, कारण सीमेक तो कॅशमध्ये धरून ठेवतो आणि नंतर बदललेलं ऐकत नाही. सिस्टिमचा ‘जीसीसी’ हलवला तर डीकेएमएस मॉड्यूल (कर्नल बदलला की आपोआप पुन्हा बिल्ड होणारे त्याचे भाग), उदाहरणार्थ एनव्हिडियाचा ड्रायव्हर किंवा व्हर्च्युअलबॉक्स, पुढच्या कर्नल अपडेटला बिल्ड होताना वेगळ्याच कंपायलरच्या हाती जातात.

अर्थात पॅकेजवाल्यांनीही हा घोळ स्वतः घालून दाखवला आहे. उबुंटू २२.०४ ला नंतर मिळालेला ६.५ कर्नल जीसीसी १२ ने बिल्ड केलेला होता, आणि मशीनवर डिफॉल्ट होता ११. कर्नलच्या फ्लॅगमधला ‘एफट्रिव्हियल-ऑटो-व्हार-इनिट’ हा पर्याय ११ ला माहीतच नाही, त्यामुळे मॉड्यूलचं बिल्ड ‘अनरेकग्नाइज्ड कमांड-लाइन ऑप्शन’ म्हणून पडायचं. उपाय साधा: जीसीसी १२ चं पॅकेज शेजारी बसवायचं.

सोर्सचा रस्ता

टारबॉल (सोर्सची एकत्र बांधलेली फाइल) शंभर एमबीच्या आतबाहेर असतो, पण पूर्ण बिल्डसाठी डिस्कवर १० ते १५ जीबी मोकळी ठेवा. चार कोअरच्या साध्या लॅपटॉपवर दीड-दोन तास धरा. एवढा वेळ लागतो कारण जीसीसी स्वतःला तीनदा बिल्ड करतो: आधी तुमच्या जुन्या कंपायलरने, मग त्यातून निघालेल्या नव्याने, आणि पुन्हा त्या नव्यातून निघालेल्याने. शेवटच्या दोन फेऱ्यांच्या ऑब्जेक्ट फाइल ताडून बघतो. यालाच बूटस्ट्रॅप म्हणतात. ‘डिसेबल-बूटस्ट्रॅप’ दिलं तर वेळ खूप वाचतो. हाताशी असलेला कंपायलर बऱ्यापैकी नवा असेल तर चालून जातं, फार जुना असेल तर ही काटकसर नको.

रिलीजचा टारबॉलच घ्या, गिटवरून क्लोन करू नका. टारबॉलमध्ये फ्लेक्स आणि बायसनने तयार होणाऱ्या फाइल आधीच घातलेल्या असतात. शिवाय गिटच्या डेव्हलपमेंट शाखेत अंतर्गत तपासण्या चालू असतात, म्हणून बिल्ड झालेला कंपायलर संथ चालतो आणि लोक उगाच ऑप्टिमायझेशनचे फ्लॅग तपासत बसतात.

टारबॉल एक्स्ट्रॅक्ट केल्यावर त्या डिरेक्टरीत जाऊन ‘कॉन्ट्रिब’ मधली ‘डाउनलोड प्रीरिक्विझिट्स’ ही स्क्रिप्ट चालवा. ती जीसीसीला लागणाऱ्या जीएमपी, एमपीएफआर, एमपीसी आणि आयएसएल या लायब्ररी (१४ पासून गेटटेक्स्टही) उतरवून सोर्समध्ये जोडते. या लायब्ररी वेगळ्या बिल्ड करून होम डिरेक्टरीत ठेवण्याचा उद्योग टाळा; त्या शेअर्ड स्वरूपात लिंक झाल्या की नंतर कंपायलरच ‘लिबएमपीएफआर सापडत नाही’ म्हणून उघडत नाही. ऑफिसच्या फायरवॉलमुळे स्क्रिप्ट अडत असेल तर तेच टारबॉल दुसरीकडून आणून सोर्सच्या मुळाशी ठेवा. फाइल आधीच असेल तर स्क्रिप्ट ती पुन्हा उतरवत नाही, फक्त चेकसम तपासते.

मग सोर्सच्या बाहेर वेगळी रिकामी डिरेक्टरी करा आणि तिथून कॉन्फिगर चालवा. सोर्सच्या आतून चालवलेला कॉन्फिगर पुढे कुठे फसेल याचा नेम नाही. द्यायचे पर्याय तीनच: ‘प्रीफिक्स’ (कंपायलर बसवायची जागा) म्हणून ‘ऑप्ट’ किंवा होममधली स्वतंत्र डिरेक्टरी, ‘एनेबल-लँग्वेजेस’ला सी आणि सी++, आणि ‘डिसेबल-मल्टिलिब’ (३२ बिटचा भाग वगळायला). हा तिसरा विसरलात आणि मशीनवर ३२ बिटच्या लायब्ररी नसल्या, तर त्या नसल्याची शंका बोलून दाखवून काम थांबतं. प्रीफिक्स ‘यूएसआर’ कधीही नको. स्वतंत्र डिरेक्टरी असली की काढताना ती पुसली की झालं.

कॉन्फिगर ‘लायब्ररी पाथमध्ये चालू डिरेक्टरी असू नये’ असं म्हणत असेल तर ते व्हेरिएबल बारकाईने बघा. बहुधा शेवटी एक कोलन लटकत असतो; कोलननंतर काहीच नसलं की त्याचा अर्थ चालू डिरेक्टरी असा होतो. व्हेरिएबल अनसेट करून पुन्हा चालवा.

‘मेक’ला जेवढे कोअर तेवढे जॉब देण्याची सवय इथे नडते. मोठ्या सी++ फाइल कंपाइल होताना एकेक प्रोसेस एक जीबीच्या घरात मेमरी खाते. आठ जॉब आणि आठ जीबी रॅम असली की ‘किल्ड सिग्नल टर्मिनेटेड प्रोग्रॅम सीसीवनप्लस’ हा संदेश ठरलेला. हा सोर्समधला दोष नसून कर्नलने मेमरी संपल्यामुळे प्रोसेस मारलेली असते. कर्नलचे संदेश दाखवणाऱ्या ‘डीमेसेज’मध्ये त्याची नोंद सापडते. विंडोजवर लिनक्स चालवणाऱ्या डब्ल्यूएसएलमध्ये तर डिफॉल्टने निम्मीच रॅम लिनक्सला मिळते, म्हणजे आठ जीबीच्या लॅपटॉपवर दोनच्या वर जॉब देऊ नका, आणि बिल्ड सी ड्राइव्हवर न करता लिनक्सच्या होममध्ये करा. जॉब कमी करून ‘मेक’ पुन्हा दिलं की काम थांबलं तिथून पुढे जातं. कॉन्फिगरचे पर्याय बदलले तर मात्र बिल्ड डिरेक्टरी पूर्ण पुसून नव्याने सुरुवात करा. दर वेळी वेगळ्याच फाइलवर ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ येत असेल तर रॅमची पट्टी तपासा.

खरा फरक नंतर दिसतो

कंपायलर तयार झाला, प्रोग्रॅम कंपाइल झाला, आणि चालवताना: ‘ग्लिबसीएक्सएक्स ३.४.३३ नॉट फाउंड’. नव्या जीसीसीने त्याच्यासोबतच्या लिबएसटीडीसी++ (सी++ ची रनटाइम लायब्ररी) मधलं नवं सिम्बॉल वापरलं, पण प्रोग्रॅम सुरू होताना लोडरने सिस्टिमची जुनी लायब्ररी उचलली. ३.४.३० म्हणजे जीसीसी १२, ३.४.३२ म्हणजे १३.२, ३.४.३३ म्हणजे १४, हे ध्यानात असलं की नेमकं काय कमी आहे ते लगेच कळतं. स्वतःच्या मशीनपुरतं लिंक करताना ‘आरपाथ’मध्ये (बायनरीतच लिहिलेला लायब्ररीचा पत्ता) प्रीफिक्सची ‘लिब६४’ घाला. बायनरी दुसऱ्याला द्यायची असेल तर ‘स्टॅटिक-लिबएसटीडीसी++’ आणि ‘स्टॅटिक-लिबजीसीसी’ द्या. ‘एलडी लायब्ररी पाथ’ बॅशआरसीमध्ये कायमचं टाकलं तर मशीनवरचे इतर प्रोग्रॅमही तीच लायब्ररी उचलायला लागतात. ‘एलडीडी’ चालवून लायब्ररी कुठून येते ते बघायची सवय लावून घ्या.

उबुंटूचा टूलचेन पीपीए (मुख्य रेपोबाहेरचा पॅकेजसाठा) हा मधला मार्ग वाटतो, २२.०४ वर त्यातून जीसीसी १३ मिळतोही. फक्त तो सिस्टिमची लिबएसटीडीसी++ सुद्धा पुढे नेतो. तुमच्याकडे सगळं सुरळीत चालतं, आणि पीपीए नसलेल्या सर्व्हरवर तीच बायनरी वरचा संदेश देते.

या बाबतीत रेड हॅटने केलेली सोय सगळ्यांत शहाणपणाची. तिथला ‘जीसीसी-टूलसेट’ सिस्टिमचीच जुनी लिबएसटीडीसी++ वापरतो आणि तिच्यात नसलेला नवा भाग प्रोग्रॅममध्ये स्टॅटिक जोडून देतो. त्यामुळे आरएचईएल ८ वर टूलसेट १३ ने केलेली बायनरी टूलसेट नसलेल्या आरएचईएल ८ वरही चालते. कंपनीचे सर्व्हर त्या घराण्यातले असतील तर बाकी पर्याय बघायचीच गरज नाही. नुसतं नव्या आवृत्तीवर कोड कंपाइल होतो का एवढंच तपासायचं असेल तर डॉकरची अधिकृत ‘जीसीसी’ इमेज पुरते.

सोर्सच लागतो तेव्हा

रूट नसलेलं सामायिक मशीन हे पहिलं कारण. पुण्याच्या आयसरमधल्या ‘परम ब्रह्म’सारख्या क्लस्टरवर स्वतःचं एपीटी-डीएनएफ चालवता येत नाही. तिथेही आधी ‘मॉड्यूल अव्हेल’ देऊन आधीच बसवलेल्या आवृत्त्यांची यादी बघा. हवी ती आवृत्ती नसेल तर हाताने बिल्ड करण्याऐवजी स्पॅक हा रूटशिवाय चालणारा पॅकेज मॅनेजर वापरा. तो सोर्समधूनच बिल्ड करतो, पण आरपाथ स्वतः घालतो.

दुसरं कारण रेपोत नसलेली आवृत्ती, उदाहरणार्थ २४.०४ वर जीसीसी १५. तो घेण्याआधी एक बघा: १५ मध्ये सी भाषेचं डिफॉल्ट मानक सी२३ झालं. ‘बूल’ आता कीवर्ड आहे, आणि रिकामा कंस म्हणजे एकही आर्ग्युमेंट नाही. स्वतःचा ‘बूल’ टाइपडेफ करणारा जुना कोड पडतो. ‘एसटीडी’ फ्लॅगला ‘ग्नू१७’ दिलं की बहुतेक वेळा सुटतो.

उलट्या दिशेने, म्हणजे फार जुना जीसीसी नव्या सिस्टिमवर बिल्ड करणं, जास्त त्रासाचं आहे. ग्लिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) २.२८ मधून ‘युस्टॅट’ हेडर गेलं, त्यामुळे जीसीसी ८ च्या आधीच्या बऱ्याच आवृत्त्या लिबसॅनिटायझरवर (मेमरीच्या चुका पकडणारा भाग) अडतात. ‘डिसेबल-लिबसॅनिटायझर’ देऊन पुढे जाता येतं.

आणि अजून सेंटओएस ७ वर अडकला असाल, तर तिथला ४.८.५ जीसीसी १५ बिल्ड करू शकत नाही. त्याला सी++ १४ येणारा, म्हणजे किमान ५.४ लागतो. आधी ९.५ बिल्ड करा, मग त्याने १५. जीसीसीचं अधिकृत दस्तऐवजीकरणही मधल्या पायरीसाठी ९.५ च सुचवतं, कारण एडा आणि डी या भाषांचे आताचे कंपायलरही त्याने बिल्ड होतात. त्या दोन भाषांना सुरुवातीला त्याच भाषेचा तयार कंपायलर हाताशी लागतो, म्हणून त्या हव्या असतील तर ९.५ च्या ‘एनेबल-लँग्वेजेस’मध्येच घाला, एडासाठी तर त्याआधीच ग्नॅटचं (एडा कंपायलरचं) पॅकेज बसवावं लागेल. सेंटओएस ७ चा आधार ३० जून २०२४ ला संपला आहे, त्यामुळे ही पॅकेजेस घेण्याआधी यमच्या (सेंटओएसच्या पॅकेज मॅनेजरच्या) रेपो फाइलमधले पत्ते व्हॉल्टकडे, म्हणजे जुन्या पॅकेजेसच्या संग्रहाकडे वळवा.