गोंदरमध्ये "तुमच्या मनाला येईल ते द्या" याचा दर काय?

इथिओपियातल्या गोंदर शहरात खिसेकापू आहेत, नाही असं नाही. पण पर्यटकाचा खिसा रिकामा होतो तो बहुतेक वेळा त्याच्याच हातानं, वर "थँक यू" म्हणून. दर विचारला की समोरचा हसून सांगतो, "नो प्रॉब्लेम, ॲज यू लाइक." तुमच्या मनाला येईल ते द्या. काम झाल्यावर तुमच्या मनाला आलेली रक्कम त्याला पटत नाही, आवाज चढतो, चार जण जमतात आणि तुम्ही लाजेकाजेस्तव तिप्पट देऊन सुटता. आपल्याकडच्या तीर्थक्षेत्रांत "द्या हो खुशीनं" ऐकून तयार झालेले कानही इथे गाफील राहतात, कारण इथे तेच वाक्य एखादा कॉलेजकुमार अस्खलित इंग्रजीत म्हणत असतो.

भारतीयांसाठी त्याच्याकडे एक खास गळ असतो: "माझे गणिताचे सर इंडियन होते." हे खरंही असू शकतं. १९७४ पर्यंत राज्य केलेल्या सम्राट हाइले सेलासीच्या काळात भारतातून पुष्कळ शिक्षक इथिओपियात गेले आणि जुनी माणसं त्यांची आठवण प्रेमानं काढतात. फक्त बोलणारा वीस-बावीस वर्षांचा असेल तर हिशेब करून बघा. परदेशी माणसाला तिथे "फेरेंज" म्हणतात. आपला फिरंगी तो हाच. फेरेंजचा दर वेगळा असतो, हे गृहीत धरूनच गावात शिरा.

शहर पाहण्यासारखं आहे, म्हणून तर हा खटाटोप. समुद्रसपाटीपासून साधारण २,१०० मीटर उंचीवर सम्राट फासिलिदासनं १६३६ च्या सुमारास इथे राजधानी वसवली. सुमारे ९०० मीटर लांब तटाच्या आत त्याचे आणि त्याच्या वारसांचे वाडे आहेत. या आवाराला फासिल घेब्बी म्हणतात आणि ते १९७९ पासून जागतिक वारसा यादीत आहे. १८८८ मध्ये सुदानच्या महदी फौजेनं शहरातली बहुतेक चर्च जाळली. वाचलं ते देब्रे बिऱ्हान सेलासी. त्याच्या छतावर रांगेनं रंगवलेले, टपोऱ्या डोळ्यांचे पंखवाले देवदूत आहेत.

पहिली टोपी तिकिटाच्या नावानं घातली जाते. वाडे, हौद, चर्च, राणी मेंतेवाबचं कुस्कुआम नावाचं वाडा-चर्चचं आवार अशा सगळ्यांचं मिळून "पॅकेज तिकीट" काढून देतो, असं कोणी रस्त्यात म्हणालं तर पुढे चालू लागा. वाड्यांच्या तिकिटात सुमारे दोन किलोमीटरवरचा फासिलिदासचा हौद येतो. चर्चचं तिकीट चर्चच्या दारात, कुस्कुआमचं कुस्कुआमला. वाड्यांचं तिकीट हौदावर पुन्हा दाखवावं लागतं. बाहेर पडताना "मी सांभाळतो" म्हणत ते कोणी हातातून घेतलं, तर हौदावर दुसरं काढावं लागतं. तुमचं आधीचं कुठे गेलं हे विचारण्यात अर्थ नाही. तिकीट खिडकी जान तेकेल चौकात, वडाच्या जातीच्या प्रचंड झाडाजवळच्या दाराशी आहे. "आज सण आहे, बंद आहे, मी मागच्या बाजूनं नेतो" हे त्या झाडाखालीच ऐकू येतं. दारापर्यंत पन्नास पावलं चाला आणि स्वतः बघा.

वाटाड्या घ्यावा का? घ्यावा. आत पाट्या कमी आहेत, आणि चांगला वाटाड्या दीड-दोन तासांत भिंती बोलत्या करतो. मात्र परवानाधारक वाटाडे तिकीट खिडकीपाशी भेटतात, हॉटेलच्या पायरीवर नाही. ओळखपत्र मागा आणि त्यावरचं साल वाचा. इथे एक मेख आहे. इथिओपियाचं कॅलेंडर आपल्यापेक्षा सात-आठ वर्षं मागे चालतं आणि नवं वर्ष ११ सप्टेंबरला लागतं, लीप वर्षाच्या आदल्या वर्षी १२ ला. त्यांचं २०१७ म्हणजे आपल्या सप्टेंबर २०२४ ते सप्टेंबर २०२५. तेव्हा कार्डावरचं साल आपल्यापेक्षा सात-आठनं मागे दिसलं म्हणून लगेच जुनं समजू नका. उलट २०१२ चं कार्ड दाखवून "आमचं कॅलेंडर वेगळं" म्हणणाऱ्याचा परवाना २०२० मध्येच संपलेला असतो. आठ मिळवून बघा.

माहितीची परीक्षा घ्यायची तर विचारा, हे वाडे कोणी बांधले? "पोर्तुगीजांनी" असं ठणकावून सांगणारा वाटाड्या सोडून द्या. फासिलिदास १६३२ मध्ये गादीवर आला आणि त्यानं पोर्तुगीजांच्या आश्रयानं आलेल्या जेझुइट पाद्र्यांना देशाबाहेर काढलं. त्यांचा प्रमुख अफोंसो मेंदेस शेवटी गोव्यात जाऊन राहिला आणि १६५६ मध्ये तिथेच वारला. वाडे उठले ते ही मंडळी गेल्यावर. जेझुइटांसोबत आलेल्या बांधकामाच्या तऱ्हेची, तसंच भारतीय आणि अरबी वळणाची छाप त्यांवर आहे, पण ते उभे केले गोंदरच्या राजांनी. ज्याला एवढं ठाऊक नाही त्याच्या "ॲज यू लाइक"ला काहीच द्यायला नको. ज्याला ठाऊक आहे त्याच्याशी आधी ठरवा: किती तास, कोणती ठिकाणं, सगळ्यांचे मिळून किती.

आता वाहन. गोंदरच्या चढउतारांवरून फिरणाऱ्या तीनचाकीला तिथे "बजाज" म्हणतात. पुण्याच्या कंपनीचं नाव रिक्षाचं सामान्यनाम होऊन बसलंय हे बघून मराठी माणूस खूश होतो आणि तेवढ्यात घासाघीस विसरतो. बजाज दोन प्रकारे चालते: वाटेत माणसं घेत ठरलेल्या मार्गानं, किंवा पूर्ण गाडी तुमची. दुसरीला "कॉन्ट्रॅक्ट" म्हणतात. फेरेंज दिसला की न विचारताच कॉन्ट्रॅक्ट होते. दर ठरवूनही फसायला तीन जागा उरतात. उतरताना "तो दर माणशी होता." परतीला "तो फक्त जाण्याचा होता." हौदावर अर्धा तास गेल्यावर "थांबण्याचे वेगळे." शिवाय इंग्रजीतले फिफ्टीन आणि फिफ्टी सोयीनं ऐकू येतात. म्हणून आकडा मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर टाकून दाखवा आणि "पूर्ण गाडी, जाऊन-येऊन, थांबण्यासकट" एवढं वदवून घ्या. सुट्या नोटा जवळ ठेवा, मोठी नोट दिली की सुटे कधीच नसतात.

वेळेचा घोळ तर अजब आहे. त्यांचं घड्याळ सूर्योदयाला सुरू होतं. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक, आपले आठ म्हणजे दोन. त्यांच्या आकड्यात सहा मिळवले की आपली वेळ मिळते. तुम्ही गाडीवाल्याला "आठला ये" म्हणता, त्याच्या आठला दुपारचे दोन वाजलेले असतात. प्रामाणिक माणसाचाही असा गोंधळ होतो. बेरकी माणूस मुद्दाम करतो आणि "तुम्हीच आठ म्हणालात, दिवस गेला, पैसे द्या" म्हणून बसतो. वेळ ठरवताना "सकाळी, नाश्त्यानंतर, फेरेंज घड्याळानं आठ" असं सांगा.

नोटांबद्दल, थोडक्यात. २०२० मध्ये इथिओपियानं १०, ५० आणि १०० बिरच्या जुन्या नोटा बंद केल्या आणि जांभळट रंगाची २०० ची नवी नोट आणली. नोटबंदी आपल्याला शिकवायला नको. रस्त्यावर डॉलर बदलणाऱ्यांच्या गठ्ठ्यात, मधल्या थरात, जुन्या १०० च्या नोटा निघतात. जुलै २०२४ मध्ये सरकारनं बिरचा दर बाजारावर सोडला, त्यामुळे गल्लीतल्या व्यवहाराचा मोह पूर्वीइतका राहिलेला नाही. बँकेत जा, पावती घ्या.

सगळ्यात हळवी जागा पुस्तकाची. बारा-चौदा वर्षांचा मुलगा वाड्यापासून तुमच्याबरोबर चालू लागतो. पैसे मागत नाही, उलट दिलेत तर नको म्हणतो. भारताची राजधानी, क्रिकेट, पाऊस, सगळं विचारतो. दहा-पंधरा मिनिटांनी कळतं की त्याला परीक्षेसाठी इंग्रजी शब्दकोश हवा आहे आणि दुकान इथेच, वळणावर आहे. दुकानदार प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं जाडजूड पुस्तक काढतो. किंमत अव्वाच्या सव्वा, पण विद्यादान म्हटल्यावर आपण कशाला बघतो! मुलगा पुस्तक छातीशी धरून वळतो. तुम्ही कोपऱ्याआड गेलात की पुस्तक फळीवर परत जातं आणि पैशांची वाटणी होते. लहान बाळासाठी दुधाच्या पावडरीचा डबा मागणं हाही त्याच जातीचा प्रकार. ओळखायची खूण म्हणजे तो प्लॅस्टिकचा कागद. पुस्तक घ्यायचंच असेल तर दुकानातच तो कागद फाडा आणि पहिल्या पानावर पेनानं मुलाचं नाव, आपलं नाव आणि तारीख लिहा. ज्याला खरंच पुस्तक हवं तो आनंदानं नाव सांगतो. ज्याला नको तो म्हणतो, "लिहू नका, पुस्तक खराब होईल."

जुन्या वस्तूंच्या दुकानात दोन चिजा हमखास पुढे येतात. एक, ऑस्ट्रियाची राणी मारिया थेरेसा हिच्या नावाचा चांदीचा थालर. या ऑस्ट्रियन नाण्यावर इथिओपियाचा व्यापार कित्येक पिढ्या चालला. विक्रेता तुमचं बोट धरून त्यावरचं १७८० हे साल दाखवतो: "बघा, अडीचशे वर्षांचं!" राणी १७८० मध्ये वारली आणि त्यानंतर पाडलेल्या प्रत्येक थालरवर तेच साल कायम ठेवलं गेलं. व्हिएन्नात पाडले, रोममध्ये, लंडनमध्ये पाडले, आणि दुसऱ्या महायुद्धात १९४०-४१ मध्ये आपल्या मुंबईच्या टांकसाळीतही पाडले. तेव्हा ते "अडीचशे वर्षांचं" नाणं फोर्टातलंही असू शकतं. खरा थालर साधारण २८ ग्रॅम भरतो, व्यास सुमारे चार सेंटिमीटर, चांदी ८३.३ टक्के. चांदीला लोहचुंबक चिकटत नाही, चिकटला तर नाणं खाली ठेवा. नाण्याच्या कडेवरून नख फिरवा: खऱ्याच्या कडेला उठावाची लॅटिन अक्षरं असतात, ओतीव नकलेची कड गुळगुळीत किंवा कानशीनं घासलेली. सगळं जुळलं तरी चांदीच्या भावाहून थोडंच जास्त द्या.

दुसरी चीज म्हणजे चामड्यावरचं हस्तलिखित. गीझ लिपीतल्या ओळींवर रंगवलेला संत जॉर्ज, कडा काळवंडलेल्या. वास घ्या. धूर येत असेल तर ते म्हातारपण चुलीवर आलेलं आहे. पान उजेडाकडे तिरकं धरा. चित्राच्या रंगाखालून अक्षरांच्या ओळी सरळ पुढे जाताना दिसल्या, तर एखाद्या प्रार्थनेच्या पोथीतलं पान फाडून त्यावर नवं चित्र चढवलं आहे. आणि माल अस्सल जुना असेल तर संकट मोठंच. वारसा खात्याच्या परवानगीशिवाय पुरातन वस्तू देशाबाहेर नेता येत नाहीत आणि विमानतळावर सामान तपासतात. दुकानदाराचं "माझी पावती चालते" हे तिथे चालत नाही.

संध्याकाळी आज्मारीच्या, म्हणजे तिथल्या लोकगायकाच्या, गुत्त्यात नेणारा मित्र भेटतोच. एका तारेचा मासेंको वाजवत गायक तुमच्यावर जागच्या जागी कडवं रचतो, लोक हसतात, आणि त्याच्या कपाळाला नोट चिकटवायची असते. ही रीत आहे. आपल्याकडे दौलतजादा होतो तसाच हा प्रकार, फसवणूक नव्हे. फसवणूक टेबलावर होते. तेज नावाची मधाची दारू बेरेले नावाच्या बारीक मानेच्या काचेच्या चंबूत येते. मित्राचे मित्र येतात, चंबू मोजायचे राहून जातात आणि बिल सगळ्या बाकाचं तुमच्या पुढ्यात. एका बेरेलेचा दर बसायच्या आधी विचारा आणि प्रत्येक फेरीचे पैसे लगेच द्या. रिकामे चंबू टेबलावरच राहू द्या, पोऱ्याला उचलू देऊ नका.

शाकाहारी मंडळींनी बुधवार-शुक्रवारी "त्सोम" म्हणजे उपासाचं ताट मागावं. त्यात मांस, अंडी, दूध काहीच नसतं. इंजेरा म्हणजे आंबवलेल्या पिठाच्या मोठ्या धिरड्यावर डाळी आणि भाज्या येतात. आपल्या साबुदाण्यापेक्षा हा उपास बराच खरा आहे. दर नसलेलं मेनूकार्ड आलं तर दर आधी विचारा, एवढंच.

सिमियन डोंगराच्या सहली विकणारे शहरभर आहेत. उद्यानाचं कार्यालय सुमारे १०० किलोमीटरवर देबार्कला आहे, प्रवेश आणि सोबतच्या बंदूकधारी रक्षकाचं शुल्क तिथे पावतीवर भरायचं असतं. "सगळं आलं त्यात" म्हणून आगाऊ घेतलेले पैसे देबार्कला पोचल्यावर फक्त गाडीभाड्याचे निघतात. प्रवेश, रक्षक, वाटाड्या, खेचर, स्वयंपाकी, गाडी, मुक्काम हे वेगवेगळ्या ओळींत लिहून घ्या आणि अर्धे पैसे परतल्यावर द्या. मुळात जावं का, हा प्रश्न आधीचा. ऑगस्ट २०२३ पासून गोंदर ज्यात येतं त्या अम्हारा प्रांतात सरकारी सैन्य आणि फानो नावाच्या स्थानिक सशस्त्र गटांत लढाई पेटली आहे. "रस्ता खुला आहे, माझा भाऊ कालच आला" हे दलालाचं वाक्य परिस्थितीचा अहवाल नव्हे. आपल्या दूतावासाची सूचना वाचा आणि विम्यात हा भाग वगळलेला नाही ना ते बघा.

तिमकात या ख्रिस्ताच्या बाप्तिस्म्याच्या सणाला, म्हणजे १९ जानेवारीला आणि लीप वर्षी २० ला, जाणार असाल तर हौदाजवळची "राखीव जागा" आगाऊ विकणाऱ्यांपासून सावध. एरवी कोरडा असलेला हौद या सणासाठी भरतात आणि काठाला लाकडी मचाण उभारतात. "वरची ओळ, फोटो छान येतो" म्हणत तिथली जागा विकली जाते. जानेवारी २०२० मध्ये असंच मचाण माणसांच्या भारानं कोसळून माणसं दगावली. पहाटे लवकर निघा आणि जमिनीवर, झाडाच्या मुळांपाशी उभे राहा. तिथून पाणीही दिसतं आणि पाद्रीही.