पाटी नसलेलं गॅरेज आणि अप्पांची येझदी : 90,931 रुपयांचा हिशोब

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथच्या दुकानांच्या ओळीत एक पत्र्याचं शेड आहे. पाटी नाही. बाहेर दोन जावा मोटरसायकली, एक सांगाडा झालेली राजदूत आणि चहाच्या ग्लासांचं जाळीदार स्टँड दिसलं की तेच समजायचं. नाव-पत्ता मी देणार नाही. मिस्त्रींनीच हात जोडलेत: "ताई, मोबाइलवर काय टाकू नका. आधीच अकरा गाड्या अंगावर हायत." म्हणून हा अभिप्राय बिनानावाचा. पाचपैकी चार तारे. पाचवा का कापला ते पुढे येईलच.

गाडी आमच्या अप्पांची, म्हणजे वडिलांची, येझदी रोडकिंग मोटरसायकल, 1986 ची. अप्पा साखर कारखान्यात चिटबॉय होते. कुणाचा ऊस कधी लागला, कुणाला तोडणीची चिठ्ठी कधी द्यायची, यासाठी दिवसभर पाणंदीतून हिंडायचं. चिखलात, पाचटात, ओढ्यात ही गाडी गेली आणि दर वेळी परत आली. गुडघे गेले तशी त्यांनी ती गोठ्यात लावली. पुढची चौदा वर्षं तिच्यावर पोती, जुनं ठिबकचं पाइप आणि कोंबड्या.

मी पतसंस्थेत लेखापाल आहे. त्यामुळे काम काढलं त्या दिवसापासून वही घातली. एकूण खर्च 90,931 रुपये. म्हणजे 91 हजारांना 69 रुपये कमी. त्या 69 रुपयांत शेवटच्या दिवशी गॅरेजमध्ये सगळ्यांना चहा पाजला, पण तो वहीत धरलेला नाही.

यातले पहिले 11,500 पाण्यात गेले. ते आधी सांगते, कारण जुनी गाडी काढणारे बहुतेक लोक इथेच आपटतात. घराजवळच्या एका मेकॅनिकनं "हाफ इंजिन करू, पंधरा दिवसात देतो" म्हणून इंजिनाचा खालचा भाग न उघडता ब्लॉक, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो तो सिलिंडर, बोअर करून (आतून कापून रुंद करून) नवा पिस्टन घातला. गाडी सुरू झाली, मी खूश. पन्हाळ्याकडे निघाले आणि वाघबीळच्या चढाला इंजिन जाम. मागचं चाक घासत गेलं, क्लच दाबला म्हणून पडले नाही. टेम्पोत घालून परत आणली. त्या मेकॅनिकचं म्हणणं, "तुम्ही पळवली असणार." चाळीसच्या वर काटा गेलाच नव्हता. मायलोमीटरची केबल तुटलेली होती ही गोष्ट वेगळी.

मग कुणीतरी उद्यमनगरचा पत्ता दिला. इथल्या मिस्त्रींनी ब्लॉक उतरवला, पिस्टन माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "बघा." सायलेन्सरच्या बाजूला उभे ओरखडे. बोअर करताना पिस्टन गरम होऊन फुगणार याची जागाच सोडलेली नव्हती. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. क्रँकचं, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली चालीनं गोल फिरणाऱ्या दांड्याचं, ऑइल सील काढून बोटानं दाबून दाखवलं. रबर कसलं, खडा झाला होता. येझदीसारख्या टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल-हवा आधी क्रँकच्या पोटात येते, तिथे दाबली जाते आणि मग वर जाते. म्हणून ते पोट हवाबंद पाहिजे. पॉइंटच्या (ठिणगी पाडणाऱ्या स्विचच्या) बाजूचं सील गेलं की गाडी फुकटची हवा ओढते. हवा जास्त, पेट्रोल कमी, त्यात मिसळलेलं तेलही कमी, आणि इंजिन तापतं. क्लचच्या बाजूचं सील गेलं तर गिअरबॉक्सचं ऑइल ओढून जाळते. मग मागे पांढरा धूर आणि लोकांचा समज होतो की पिस्टन गेला. "दोन सील न बदलता पिस्टन बदलणं म्हंजे गळक्या बादलीला नवीन कडी लावणं," हे मिस्त्रींचं वाक्य मी वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवलंय, रक्कम शून्य.

त्या जामपणाची खरी किंमत 11,500 पेक्षा जास्त होती. ब्लॉक पुन्हा बोअर करून पुढच्या मापाचा पिस्टन घालावा लागला. ब्लॉक असा किती वेळा कापणार? एक माप म्हणजे त्याचं एक आयुष्य, आणि ते आमचं पन्हाळ्यालाही न पोचता संपलं.

पूर्ण इंजिन उघडलं त्याचा हिशोब असा: पिस्टन-रिंग 2,800, बोअर 700, कनेक्टिंग रॉड किट आणि क्रँक दाबून सरळ करणं 3,400, बेअरिंगं आणि सीलं 2,300, क्लचप्लेटा आणि आतली चेन 2,900, मजुरी 9,000. एकूण 21,100. सगळ्या खर्चात मला हाच सर्वांत रास्त वाटतो. मजुरी महाग म्हणणाऱ्यांनी क्रँक ट्रू, म्हणजे सरळ, करताना एकदा शेजारी उभं राहावं. डायलचा काटा बघायचा, तांब्याच्या हातोडीनं एक टोला, पुन्हा काटा. अडीच तास. त्यात मिस्त्रींनी तीन फोन उचलले नाहीत, त्यातला एक त्यांच्या बायकोचा होता.

येझदीचे पार्ट मिळतात का, असं सगळे विचारतात. मिळतात. पण येझदी बनवणारा म्हैसूरचा आयडियल जावाचा कारखाना 1996 मध्ये बंद पडला. 2022 पासून नव्या येझदी बाजारात आल्यात, त्यांचा या गाडीशी नावापुरताच संबंध, एक बोल्टही लागत नाही. मग उरतो तो कुणाच्या तरी माळ्यावरचा जुना कंपनीचा माल, नाहीतर बाजारातला लोकल. या गॅरेजची खासियत इथे आहे. मिस्त्री शक्यतो काही टाकू देत नाहीत. नवे सायलेन्सर घ्यायची माझी तयारी होती. ते म्हणाले, "ते पत्रं पातळ असतंय. डबा वाजल्यागत वाजंल." जुन्यातल्या जाळ्या काढल्या, भट्टीत लाल करून काजळी जाळली, ठोकून साफ केल्या आणि परत बसवल्या. किकच्या दांड्याचा बुश (दांडा ज्यात फिरतो ती धातूची नळी) झिजला होता, तयार बुश दोन वेळा आणला, दोन्ही ढिले. तिसऱ्या वेळी शेजारच्या लेथवाल्याकडे गनमेटलचा, म्हणजे काशासारख्या धातूचा, तुकडा दिला. 350 रुपये, अर्धा तास, आणि असा बसला की बोटानं फिरवताना लोणी. ज्या गावात फौंड्री आणि लेथ भिंतीला भिंत लागून आहेत तिथे जुनी गाडी काढणं खरंच सोपं आहे. पुण्यातला माझा मावसभाऊ असल्याच एका बुशासाठी महिनाभर कुरिअरची वाट बघत बसला होता.

आता जिथे मी मिस्त्रींचं ऐकलं नाही ते. रिमा, हँडल, सायलेन्सर आरशासारखे चमकले पाहिजेत असा माझा हट्ट. त्यांचं म्हणणं होतं, क्रोम नुसतं वरचं, पावडर लावल्यागत. गंज अडवतं ते खालचं निकल, आणि जाड निकल करणारा माणूस घाई करत नाही. मी घाई करणारा शोधला. 9,600 रुपये. एक पावसाळा झाला आणि पुढच्या रिमेवर स्पोकांच्या भोकांशी फोड आले. मिस्त्री काही बोलले नाहीत, फक्त रिमेवरून अंगठा फिरवला. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

वायरिंग, पॉइंट, कॉइल आणि कार्बोरेटर 6,800. टायर, स्पोक, ब्रेक शू मिळून 13,400. सीट, केबली, रबरं, टाकीचा मोनोग्राम असलं चिल्लर म्हणता म्हणता 7,300 झालं. गनमेटलचा बुश याच्यातच. यावर जास्त लिहिण्यासारखं नाही.

टाकीवर मात्र लिहायला पाहिजे. आत गंजाचा थर. मिस्त्रींनी त्यात सायकलची जुनी चेन आणि मूठभर नट टाकले आणि ती माझ्याच हातात दिली: "हलवा." दोन संध्याकाळ मी टाकी हलवत बसले, शेजाऱ्यांना वाटलं नवीन व्यायाम सुरू केला. नंतर अॅसिडनं धुऊन, सोड्यानं ते अॅसिड मारून लगेच वाळवली. आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते पाणी ओढतं आणि जुनी रबरं फुगवतं. म्हणून पेट्रोलचा पाइप, कॉकची वॉशर, कार्बोरेटरची रबरं सगळी बदलली, आणि पंधरा दिवस गाडी काढायची नसेल तर टाकी रिकामी करायची अशी ताकीद आहे. त्यातलं काही इथेनॉल उसाचंच. अप्पांनी जन्मभर ज्या उसाच्या चिठ्ठ्या फाडल्या तोच आता त्यांच्या गाडीची वॉशर खातो, हे मी त्यांना सांगितलं. "आपल्याच गावचा आसंल," म्हणाले.

डेंटिंग-पेंटिंगचे 12,000 गेले. ते काम मिस्त्री बाहेर देतात. पेंटरनं काळा रंग सुंदर मारला, टाकीवरची सोनेरी रेघ ब्रशनं, हातानं ओढली, पट्टी न लावता. पण चेसिसवर पुट्टी भरताना चेसिस नंबरही बुजवून टाकला. ते कळलं आरटीओत, जिथे नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासतात. कागद कोरा. तिथेच कडेला बसून पॉलिश पेपरनं हळूहळू रंग काढला, हात थरथरत होता. तुमची गाडी रंगायला जाणार असेल तर इंजिन आणि चेसिस नंबरवर आधी स्वतःच्या हातानं चिकटपट्टी लावा, पेंटरवर सोडू नका.

कागदपत्रांचे, म्हणजे नोंदणीचं नूतनीकरण, दंड आणि कर यांचे, 8,700. माझ्या चार रजा यात धरलेल्या नाहीत. नवी सुरक्षा नंबरप्लेट 531. गाडी 'व्हिंटेज' मध्ये का नाही घातली, असं एकानं विचारलं. केंद्राच्या 2021 च्या नियमात त्यासाठी गाडी 50 वर्षांची लागते आणि नोंदणी 20,000 ची. आमची 2036 ला पात्र होईल. आणि झाली तरी तशी गाडी रोज वापरता येत नाही, मग मी बाजारात कशावर जाऊ?

पाचवा तारा वेळेमुळे कापला. "दोन महिन्यात" म्हणाले होते, अकरा महिने लागले. मध्ये दीड महिना गाडीला हातच नव्हता, कारण गल्लीतल्या एकाची जावा लग्नाच्या वरातीसाठी आधी हवी होती. शिवाय बिल नाही. आकडे सिगारेटच्या पाकिटाच्या आतल्या बाजूला. लेखापाल बाईला हे किती लागतं ते विचारू नका. मात्र त्या पाकिटांची बेरीज मी तीनदा केली आणि तिन्ही वेळा त्यांची तोंडी रक्कम बरोबर निघाली. बदललेला प्रत्येक जुना पार्ट पोत्यात घालून परत दिला, हे आणखी एक. ते पोतं आमच्या जिन्याखाली आहे आणि आई रोज त्याला अडखळते.

पैसे वसूल होतात का? नाही. गाडी तयार झाल्यावर मला सर्वांत चढी मागणी आली ती 70 हजारांची. विकायच्या हिशोबानं कुणी यात उतरणार असेल तर ते पैसे माझ्या पतसंस्थेत ठेवीला ठेवा, मी पावती लगेच देते.

मिळतं ते दुसरंच काहीतरी. येझदीला किक आणि गिअरचा दांडा एकच असतो. आत दाबून वर उचलला की किक, खाली पाडला की गिअर. गिअर टाकताना क्लच आपोआप सुटतो. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मी हे शिकले. पहिला आठवडा नडगी काळीनिळी होती. पेट्रोल पंपावर लिटरला 40 मिली ऑइल मोजून ओतताना दर वेळी कुणीतरी पुरुष येऊन "मॅडम, जास्त होतंय" किंवा "कमी होतंय" सांगतो. दोन्ही सांगणारे एकाच दिवशी भेटले तेव्हा मी त्यांची एकमेकांशी गाठ घालून दिली.

घरी आणली त्या संध्याकाळी अप्पा कॉटवर होते. मी अंगणात सुरू केली. बाहेर यायला त्यांना वेळ लागतो, ते आलेच नाहीत. आतूनच आवाज आला, "किक उलटी मारती का?" मी म्हटलं, हो. "मग पॉइंट जरा पुढं घेतलाय. मिस्त्रीला सांग." दुसऱ्या दिवशी मी ते जसंच्या तसं सांगितलं. मिस्त्रींनी झाकण काढलं, पॉइंटची प्लेट केसभर मागे सरकवली, किक मारली. मग विचारलं, "वडील कुठं मेकॅनिक होते?" चिटबॉय होते म्हटल्यावर बराच वेळ हसले आणि त्या दिवसाचे पैसे घेतले नाहीत.

सध्या एकच तक्रार शिल्लक आहे. गिअरबॉक्सखालून ऑइलचा थेंब पडतो. मी रात्री खाली पुठ्ठा ठेवते. परवा फोन केला.

"डाग केवढा पडतोय?"

"रुपयाएवढा."

"मग चालू दे की ताई. ताटलीएवढा झाला की या."