थंड इंजिन आणि ऐंशीवर उभा राहिलेला काटा

गेल्या पावसाळ्यात जुन्या शिडाच्या बोटीच्या वायरिंगवर आमचे १,०३,४०० रुपये गेले आणि त्या वायरिंगमुळे भाजलेल्या इंजिनावर आणखी ८६,७५० रुपये. एकूण १,९०,१५० रुपये. एकतीस वर्षे दुसऱ्यांचे हिशेब तपासून निवृत्त झालेल्या माणसाने असे फसावे याची लाज पैशांहून मोठी आहे, म्हणूनच हे लिहायला चार महिने लागले.

बोट २८ फुटी, आम्हा तिघा मित्रांच्या मालकीची. एरवी ती मांडव्याच्या बाजूला असते. पावसाळ्यात ट्रकवर घालून ती धायरीच्या एका शेडमध्ये आणली, कारण तिघेही पुण्यात राहतो आणि काम डोळ्यांसमोर व्हावे अशी इच्छा होती. तापमान, तेलाचा दाब आणि व्होल्टेज दाखवणारी तिन्ही गेज बंद पडली होती आणि इंजिनाच्या कप्प्यातली हवा बाहेर फेकणारा ब्लोअर गंजून गेला होता. एका परिचिताच्या परिचिताने ज्या कारागिराचे नाव सुचवले, त्याने गेज व सेंडरचे (इंजिनावर बसून गेजला माप पाठवणारा भाग) २७,६००, टिनचा मुलामा दिलेल्या ९० मीटर वायरचे १६५ रुपये दराने १४,८५०, ब्लोअर व नळीचे १८,९५० आणि मजुरीचे ४२,००० असा आकडा दिला. पक्के बिल मागितले तेव्हा कच्च्या कागदावर चार ओळी मिळाल्या. तिथेच उठायला हवे होते. पण चाळीस हजार आगाऊ दिलेले होते, आणि आगाऊ देऊन बसलेला माणूस लवकर उठत नाही.

आता तो क्षण. काम झाल्यावर त्याने आम्हाला बोलावले, चावी फिरवली आणि तापमानाचा काटा झरकन ऐंशी अंशांवर जाऊन स्थिर झाला. इंजिन दोन महिने सुरू झालेले नव्हते. बाहेर पाऊस पडत होता, इंजिनाला हात लावला तर गार. थंड इंजिनाचा काटा तळाशी असतो आणि इंजिन सुरू झाल्यावर दहा-पंधरा मिनिटांत हळूहळू वर चढतो, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. तरी मी म्हणालो, "वा, किती स्थिर आहे!" ज्या खात्यातली शिल्लक दरमहा तीच येते, तिथे आकडा मोजलेला नसतो, लिहिलेला असतो, हे मी नव्या मुलांना वर्षानुवर्षे शिकवले. माझ्या बाजूने एवढेच सांगतो की समोर चौघे उभे होते, त्यांपैकी एक यांत्रिकी अभियंता, आणि तोही मान डोलावत होता. उरलेले पैसे त्याच संध्याकाळी दिले.

ऑक्टोबरमध्ये समुद्रात वारा पडला म्हणून इंजिन लावले. अर्ध्या तासाने रबर जळाल्याचा वास आला आणि झाकणाच्या फटीतून वाफ येऊ लागली. इंजिन थंड ठेवायला समुद्राचे पाणी ओढणाऱ्या पंपाचा रबरी इंपेलर, म्हणजे पाणी ढकलणारे चक्र, फाटला होता. काटा मात्र ऐंशीवरच. काट्यावर विश्वास नसता तर धुराड्यातून बाहेर येणारे ते पाणी पडायचे थांबले आहे हे आधीच पाहिले असते. धोक्याची घंटा वाजवणारा स्विच वेगळा असतो. त्याची वायर या गृहस्थाने "उगाच वाजते" म्हणून काढून ठेवली होती.

मेकॅनिकने पॅनेल उघडले तेव्हा गेजच्या मागे पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक सामानाच्या तपकीर गल्लीत एक-दोन रुपयांना मिळतो तसा रेझिस्टर जोडलेला निघाला; काटा कायम एकाच आकड्यावर धरून ठेवायला तेवढा पुरतो. सेंडर जुनाच होता आणि त्याची वायर चिकटपट्टी लावून सोडून दिलेली होती. वायर पॅनेलपाशी वीतभर रुपेरी, पुढे साधे तांबडे तांबे. ब्लोअरचा आवाज छान येत होता, पण त्याची नळी बाहेरच्या तोंडाला जोडलेलीच नव्हती. ती बाकाखालच्या खणात संपत होती. हवा आत येण्याची जागा "पावसाचे पाणी शिरेल" म्हणून सिलिकॉनने बुजवली होती. एक लिटरचे डिझेल इंजिन दोन हजार फेऱ्यांवर मिनिटाला सुमारे एक हजार लिटर हवा ओढते. ती येणार कुठून? डिझेल असल्यामुळे निभावले. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती तळाशी साचून राहते; पेट्रोलचे इंजिन असते तर मी हे लिहायला उरलो नसतो.

पोलीस चौकीत दोन तास बसवून "हा दिवाणी मामला आहे" असे सांगण्यात आले. बोट हे वाहन आहे, तेव्हा आरटीओत जा, असाही सल्ला एका हवालदाराने पूर्ण गांभीर्याने दिला. दुसऱ्या खेपेस साहेब बंदोबस्तावर, तिसऱ्या खेपेस अर्जाची पोच देणारे रजेवर. चौथ्या खेपेस मला विचारण्यात आले की निवृत्तीनंतर बोट घ्यायला पैसे आले कुठून! जणू फसवणारा मीच. ग्राहक तक्रारीच्या खिडकीवर कागद तीनदा परत आले: एकदा पानांवर क्रमांक नाहीत म्हणून, एकदा प्रती कमी म्हणून, आणि एकदा कारण न सांगता. ज्यांच्यावर ही वेळ आली असेल त्यांनी हे लक्षात ठेवावे की पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचे शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची आहे आणि तक्रार स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात करता येते. खिडकीवर यातले काहीही आपणहून सांगितले जात नाही.

पैसे देण्यापूर्वी चावी चालू ठेवून सेंडरवरची वायर काढायला लावा: आमच्यासारख्या गेजमध्ये काटा थंडाकडे पडला पाहिजे, आणि तीच वायर इंजिनाच्या धातूला टेकवली की गरमच्या टोकाला गेला पाहिजे. जो हलत नाही तो काटा नाही, चित्र आहे. वायर मधूनच कापून पाहा, टोकाशी नव्हे. ब्लोअर लावून बाहेरच्या तोंडाशी हात धरा. आवाजावर जाऊ नका, आम्ही गेलो.

परवा कळले की हाच गृहस्थ पवना धरणाच्या बाजूला एका बोटीचे काम घेतो आहे. त्या बोटीचे मालक हे वाचत असतील, तर त्यांनी कृपया उद्या सकाळी, इंजिन गार असताना, एकदा चावी फिरवून काट्याकडे पाहावे.