बोअरिंग, डल, टीडियस की ब्लँड? कुठे कोणता शब्द वापराल

मराठीत भाषण रटाळ असतं, भाजी अळणी, उत्तर मिळमिळीत. ठाण्याहून लोकलने ऐरोलीचं ऑफिस गाठलं, की इंग्रजीत या सगळ्याला आपण एकच शब्द लावतो: बोअरिंग. चूक नाही, पण नेमकं काय खटकलं ते त्यातून कळत नाही.

सहकाऱ्याच्या अहवालावर मेल लिहायचा असेल तर मी 'टीडियस' निवडेन. मुळात लॅटिनमधल्या उबग या अर्थाच्या शब्दावरून आलेला हा शब्द लांबलचक, किचकट, वेळखाऊ गोष्टीसाठी आहे. तो वाचून समोरच्याला निदान काटछाट कुठे करायची ते उमगतं. 'मोनोटोनस' त्याच्या जवळचा वाटतो, पण तो एकसुरी. चारशे पावत्या जुळवणं टीडियस. एकाच पट्टीत वाचलेलं प्रेझेंटेशन, मग ते दहाच मिनिटांचं का असेना, मोनोटोनस.

'डल' जपून वापरा. चाकू डल म्हणजे बोथट, रंग डल म्हणजे फिका, दिवस डल म्हणजे ढगाळ. माणसाला डल म्हटलं तर मठ्ठ असाही अर्थ निघतो. (स्कॉटलंडमध्ये डल नावाचं गाव आहे आणि अमेरिकेत ओरेगॉनमध्ये बोअरिंग. 2012 मध्ये दोघांनी रीतसर जोडी जमवली!)

बोअरिंगबाबत एक चूक मुलाखतीत हमखास होते. 'आय ॲम बोअरिंग' म्हणजे मीच कंटाळवाणा आहे. कंटाळा आला असेल तर 'आय ॲम बोअर्ड'. एवढं एक तरी पक्कं करा, कळकळीने सांगतोय.

जेवणासाठी 'ब्लँड'. मामलेदारची मिसळ खाऊन आलेल्याला दुसरीकडची मिसळ ब्लँडच लागणार. पण आजाऱ्याला डॉक्टर ब्लँड जेवण सांगतात तेव्हा ते सौम्य, कमी तिखट. त्यात नावं ठेवणं नाही. 'इन्सिपिड' मात्र सरळ पाणचट, चवच नसलेलं. यजमानांसमोर तो शब्द नकोच.

कपडे किंवा भिंतींच्या उदास, मळकट रंगाला 'ड्रॅब'. हा शब्द मूळचा न रंगवलेल्या कापडाचा.

राहिला 'मन्डेन'. त्याचं मूळ लॅटिनमधल्या जग या शब्दात. डबा भरणं, वीजबिल भरणं, पास काढणं ही सगळी मन्डेन कामं, रोजची आणि साधी. ती कंटाळवाणी असतीलच असं नाही, म्हणून तिथे बोअरिंग लिहू नका.