एडी रीडर यांनी गायलेला रॉबर्ट बर्न्स : एका अल्बमचे परीक्षण

पैठणच्या एकनाथांची भारुडे ऐकत वाढलेल्या मराठवाड्यातील श्रोत्याला स्कॉटलंडचा कवी रॉबर्ट बर्न्स (१७५९–१७९६) परका वाटण्याचे कारण नाही. लोकांच्या बोलीत आणि लोकांच्याच चालींवर त्याने गीते रचली, विस्मरणात चाललेली जुनी गाणी गोळा केली आणि त्यांतील कित्येक नव्याने घडवली. ही गीते गायिका एडी रीडर यांनी २००३ मध्ये रॉयल स्कॉटिश नॅशनल ऑर्केस्ट्राच्या साथीने अल्बमरूपात आणली. आज तो परभणी-लातूरकडेही मोबाइलवर सहज ऐकता येतो.

ग्लासगोत जन्मलेल्या रीडर यांनी उमेदीच्या काळात रस्त्यावर गायन केले, युरिथमिक्ससारख्या नामवंतांना गायनाची साथ दिली, आणि १९८८ मध्ये फेअरग्राउंड अ‍ॅट्रॅक्शन या बँडचे ‘परफेक्ट’ ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचल्यावर त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. ते गाणे बँडमधील मार्क नेव्हिन यांनी लिहिले होते. पुढे १९९४ मधील ‘पेशन्स ऑफ एंजल्स’ हे बू ह्यूअरडाइन यांचे. दुसऱ्याने लिहिलेले शब्द जणू आत्ताच आपल्याला सुचले आहेत अशा सहजतेने म्हणणे, हे त्यांच्या गायकीचे खरे बळ मला वाटते, आणि बर्न्सची गीते गाताना त्याचा पुरेपूर कस लागला आहे.

‘ए फॉन्ड किस’ हे १७९१ मधील विरहगीत बर्न्सने आपली जिवलग मैत्रीण अ‍ॅग्नेस मॅक्लेहोस हिच्या निरोपाप्रसंगी लिहिले. त्यात रडवेपणा आणण्याचा मोह कोणालाही झाला असता. रीडर मात्र स्वर आवरून धरतात आणि त्यामुळेच निरोपाची वेदना अधिक खोल जाते. ‘जॉन अँडरसन, माय जो’ मध्ये म्हातारी पत्नी आपल्या नवऱ्याशी बोलते. जन्मभराच्या सोबतीनंतरची ती माया त्यांनी जात्यावरच्या ओवीइतक्या साधेपणाने उभी केली आहे, आणि माझ्या मते अल्बममधील सर्वोत्तम गायन हेच आहे. ‘विली स्टुअर्ट’ मध्ये मात्र ठेका धरल्यावाचून राहवत नाही. जॉन मॅककस्कर यांचे व्हायोलिन आणि फिल कनिंगहॅम यांचे अकॉर्डियन गायिकेच्या बरोबरीने चालते, आणि रीडरही वादकांना मोकळी वाट देतात.

तक्रार एकच आहे. काही ठिकाणी ऑर्केस्ट्राचा भरणा इतका होतो की लोकगीताचा मोकळेपणा हरवतो. तेथे वाद्ये कमी असती तर शब्द अधिक पोहोचले असते. जॉन डग्लस यांचे ‘वाइल्ड माउंटनसाइड’ हे बर्न्सचे नसूनही संग्रहात चपखल बसले आहे.

मोबाइलच्या स्पीकरवर तंतुवाद्यांचे बारकावे पोहोचत नाहीत, म्हणून हेडफोन वापरावा. स्कॉट्स बोली इंग्रजी जाणणाऱ्यालाही अडवते. तेव्हा गीतांचे शब्द आधी वाचून घ्यावेत आणि सुरुवात ‘जॉन अँडरसन’ पासून करावी.